किमची आनी

ड्रायव्हर तिसऱ्या एपिसोडमध्ये मरतो. लॅन्सीला हे घरच्यांनीच सांगितलं होतं, तेही जेवताना.

त्याची बायको मार्गारेट आणि मुलगी अ‍ॅशले, दोघी कोरियन सिरियलींच्या भक्त. प्रत्येक सिरियलीत एक राक्षसी कंपनी, एक विकला गेलेला मंत्री, बापाचा सूड घ्यायला वकील झालेली मुलगी आणि बॅग पोचवणारा ड्रायव्हर. "त्याला पांढरा ट्रक उडवतो," मार्गारेट बोंबलाचा काटा काढत म्हणाली. "ऑलवेज, डॅडी," अ‍ॅशले म्हणाली. विषय बदलायला लॅन्सीने विचारलं, "बाय, भात वाढू?" मोबाइलमधून मान वर न काढता पोरगी म्हणाली, "आनी, आनी." त्याने दोन डाव वाढला. आरोपीकडे बघावं तसं पोरीने बापाकडे बघितलं आणि भात ताटात तसाच टाकला. आखातातल्या रोल्लाच्या त्या घरात हे रोजचंच होतं.

आता तो अबू धाबीपलीकडच्या वाळवंटात, रुवैसच्या साइट ऑफिसात बसला होता आणि खिडकीबाहेर पांढरा ट्रक उभा होता. रुवैसमध्ये सगळेच ट्रक पांढरे असतात. या विचाराने धीर येत नव्हता.

लॅन्सी क्वॉनसाहेबांची गाडी चालवायचा. क्वॉन म्हणजे इथल्या कोरियन कंपनीचा सर्वेसर्वा. उन्हाळ्यात त्यांनी लॅन्सीकडून एक बॅग अबू धाबीच्या हॉटेलात पोचवली होती. घ्यायला त्यांच्याकडच्या कुठल्याशा मंत्र्याचा मेहुणा आला होता. पोर्चमध्ये बॅगेची चेन फाटली आणि आतून डॉलरच्या गड्ड्यांनी डोकं वर काढलं. लॅन्सीने ताबडतोब आकाशाकडे बघितलं. आकाशात काही नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला.

पण सोलमध्ये बोभाटा झाला आणि चौकशी समिती बसली. समोरच्या टीव्हीवर ती बसलीच होती: पाच म्हातारे चेहरे, कुणाचीच पापणी हलत नव्हती. टेबलापाशी सोलहून आलेली वकीलबाई, मिस सो. शेजारी क्वॉन.

"वकील आपली, समिती आपली," क्वॉन सकाळीच म्हणाले होते. "बॅगेत काय होतं? घरचा कोरियन खाऊ. किमची अँड सीवीड अँड जिनसेंग. नाहीतर व्हिसा खलास, हबीबी." इतक्या वर्षांत ते अरबीतले दोनच शब्द शिकले होते. दोन्ही धमकीत बसत.

व्हिसा गेला की मार्गारेट आणि अ‍ॅशलेचाही गेला, आणि पोरीची दहावी इथेच अर्धी. लॅन्सीने खोटं बोलायचं पक्कं केलं होतं. घरातल्या येशूच्या तसबिरीची आगाऊ माफीही मागून झाली होती.

एकच भानगड होती. घाबरला की त्याचं इंग्लिश पळून जायचं आणि आत फक्त वसई उरायची. वसईत 'आणि'ला 'आनी' म्हणतात आणि लॅन्सी तर त्याशिवाय वाक्यच पुरं करत नसे. तुझ्या बोलण्याला ब्रेक नाय, मार्गारेट म्हणायची. ड्रायव्हरला हे लागायचं.

"बॅगेत काय होतं?" मिस सोने इंग्लिशमध्ये विचारलं.

बाहेर ट्रक सुरू झाला.

"मॅडम... किमची," तो म्हणाला. 'अँड' सापडेना. "आनी..."

टीव्हीतला एक म्हातारा पुढे सरकला. क्वॉनचं हसू जागेवरच होतं, पण आता ते कुणी विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

"सीवीड... आनी..."

दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"जिनसेंग..." यादी संपली होती. जीभ थांबली नाही. "आनी!"

क्वॉनच्या हातातला पेला टेबलावर आडवा झाला. मिस सो हळूच पुढे वाकली. तिचा आवाज कापत होता.

"मग होतं तरी काय?"

संपलं. यांना सगळं ठाऊक आहे, लॅन्सीला वाटलं. उगाच तपासून बघतायत.

"पैसे, मॅडम," तो म्हणाला. "मनी. ऑल मनी."

पुढचा गोंधळ कोरियन भाषेत झाला. क्वॉन ओरडत उठले, टीव्हीतला मधला म्हातारा त्याहून मोठ्याने ओरडला, आणि क्वॉन खाली बसले. लॅन्सीने त्यांना कुणाच्या सांगण्यावरून बसताना पहिल्यांदाच बघितलं. सिक्युरिटीवाल्यांनी येऊन त्यांचा फोन काढून घेतला.

लॅन्सी भिंत धरून बाहेर आला. मिस सो मागोमाग आली. तिचे डोळे लाल होते.

"मॅडम," त्याने विचारलं, "नाऊ आय डाय?"

"आनी," ती म्हणाली.

लॅन्सी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. पुढे काही येईना.

"आनी... व्हॉट, मॅडम?"

"कोरियनमध्ये आनी म्हणजे नाही," ती म्हणाली. "आमच्यात मोठ्यांना असं तोडून बोलतही नाहीत. तू क्वॉनच्या तोंडावर तीनदा बोललास. किमची? नाही. सीवीड? नाही. जिनसेंग? नाही. माझ्या बाबांना एकदाही जमलं नाही. त्या माणसापायी ते तुरुंगात गेले, तिथेच वारले. मी वकील झाले ती याच दिवसासाठी." आणि ती कमरेत वाकली, थेट लॅन्सीच्या चपलांपर्यंत.

पांढरा ट्रक रिव्हर्स घेत गेटबाहेर निघून गेला. लॅन्सीने घरी फोन लावला.

"मेलास का रे?" मार्गारेट किंचाळली.

"आनी," लॅन्सी म्हणाला. "अ‍ॅशलेला दे."

अ‍ॅशले फोनवर आली. लॅन्सीने मोठा श्वास घेतला.

"बाय, तुला तो भात कधी नकोच होता काय गो?"