नऊ बिलं

पेडणेकरांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर चौघडी करून अंथरली, तिच्यावर औषधांची नऊ बिलं ओळीने मांडली आणि इस्त्रीचा प्लग लावला. बिलं पार चुरगळलेली होती. हॉस्पिटलच्या धावपळीत सुगंधाबाईंनी ती मिळतील तशी पर्समध्ये कोंबली होती, आणि त्याबद्दल आजारपणातही त्यांना चार वेळा ऐकून घ्यावं लागलं होतं.

ही बिलं काल परेशने परत केली होती. पेडणेकर ज्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तिथेच हा मुलगा आता वैद्यकीय खर्चाच्या परताव्याची प्रकरणं बघतो. मुलगा चांगला. पेडणेकरांना खुर्ची देऊन म्हणाला, "काका, तुमचं सगळं ओके आहे. फक्त ही मेडिकलची बिलं स्कॅनरमध्ये अडकतायत. जरा सरळ करून आणा ना, सोमवारी साहेबांची सही घेतो."

सोमवारी सही झाली की महिनाअखेर पैसे बँकेत येणार होते. सुगंधाबाईंच्या सहा इंजेक्शनांपैकी चार झाली होती. त्या चारांत एफडी मोडली, पाटल्या गेल्या, दहिसरच्या जावयापुढे एकदा हात पसरून झाला. पाचवं इंजेक्शन आता या परताव्यातूनच होणार होतं. मध्ये खंड पडला तर आधीची चारही फुकट जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"जड काहीतरी ठेवा ना वर," सुगंधाबाई खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाल्या. डोक्याला ओढणी गुंडाळून त्या उन्हात बसल्या होत्या. "दोन दिवसांत होतील सरळ. इस्त्री कशाला?"

"अगं, सव्वीस जुलैच्या पुरात ऑफिस बुडालं, तेव्हा चारशे सर्व्हिस बुकं कोणी वाचवली? पान न् पान इस्त्री केलं मी. साहेबांनी शाल घालून सत्कार केला होता."

"माहितीये. ती शाल पांघरूनच बसलेय."

पेडणेकर हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःच्या हातचं काम मिळालं होतं. हॉस्पिटलात त्यांना काही म्हणजे काही कळत नसे; नर्स सांगेल तिथे उभं राहायचं, एवढंच. कागद सरळ करणं मात्र त्यांच्या हातचा मळ होता. पाणी शिंपडलं तर डॉक्टरांच्या सहीची शाई फुटेल, म्हणून त्यांनी पाणी घेतलं नाही. थेट इस्त्री नको, म्हणून वरून जुन्या धोतराचा तुकडा पसरला. मग इस्त्री टेकवली आणि घाई न करता, दाबून, या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊही बिलांवरून फिरवली. दोनदा.

धोतर उचललं, तर खाली नऊ काळे कागद होते.

मेडिकलवाल्याच्या मशीनमधून सर्रकन बाहेर येणाऱ्या त्या कागदावर छापायला शाई लागतच नाही. त्याच्यावर अक्षर उमटतं ते उष्णतेने, आणि पुन्हा तशीच उष्णता लागली की अख्खा कागद काळा पडतो. अडतीस वर्षं कागदांत काढलेल्या माणसाला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. पेडणेकरांनी एक बिल उचलून उजेडात धरलं. तिरकं केलं की डॉक्टरांची निळी सही अंधुक दिसत होती. औषधाचं नाव आणि रक्कम कुठेच नव्हती. कागद मात्र अगदी सरळ झाला होता.

सुगंधाबाई उठून आल्या.

"झेरॉक्स काढल्या होत्यात ना तुम्ही?"

"आहेत. दोन-दोन प्रती आहेत."

"मग त्या द्या परेशला."

"झेरॉक्सवर पास होत नाही."

"मेडिकलवाल्याकडून दुसरी बिलं घेऊ. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असतील."

"डुप्लिकेटही चालत नाही."

"कोण म्हणतं चालत नाही?"

पेडणेकरांनी हातातलं बिल खाली ठेवलं, बाकीच्या आठांच्या ओळीत, काठाला काठ लावून. "मीच म्हणायचो," ते म्हणाले. "खिडकीवर माणसं रडायची. मी शेरा मारून परत पाठवायचो."

एवढं बोलून ते खुर्चीत बसले. परेशला फोन करावा असं त्यांच्या मनात आलं, आणि तो काय सांगेल तेही आलं. त्याच्या जागी त्यांनी तेच सांगितलं असतं, तितक्याच गोड आवाजात. त्यांना रडू येत नव्हतं. लाज वाटत होती, बायकोकडे बघवत नव्हतं इतकी.

सुगंधाबाई आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा, मग खालचा जड खण ओढल्याचा आवाज आला. पेडणेकर म्हणाले, "काय शोधतेस? मी देतो काढून."

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातावर नेत्राच्या, म्हणजे लेकीच्या लग्नात नेसलेली हिरवी साडी होती. घडीवर सुरकुत्या पडल्या होत्या. त्यांनी नऊ काळे कागद हाताने एका कडेला सारले आणि साडी चादरीवर ठेवली.

"इस्त्री तापलीच आहे, तर हीपण करून ठेवा," त्या म्हणाल्या. "ऐन वेळी मला नेसवताना नेत्राची धावपळ नको."