पाठ टेकायला

माळ्यावरून चार अंथरुणं खाली काढली आणि दमयंतीबाईंना घाम फुटला. बेलापूरची मंडळी अकराच्या एस.टी.नं अंबिकेला बघायला येणार होती, आणि ओसरीवर काय अंथरायचं तेच ठरत नव्हतं.

गालिचा सगळ्यांत देखणा. पण तो शेवगावच्या देशमुखांचा, कोपऱ्यात नाव विणलेलं. मोरांची निळी सतरंजी बाळंतपणात गेलेल्या एका पोरीची. ती त्यांनी कधी उलगडलीच नव्हती. आजही धीर झाला नाही. लाल पट्ट्यांची इथल्याच डॉक्टरांची. अख्खं नेवासं ती ओळखेल.

घरात विकत घेतलेलं अंथरूण एकही नव्हतं. असणार कुठून? त्यांचे यजमान मार्तंडभट प्रवरेच्या घाटावर दहावं-बारावं करायचे. मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर पाठ टेकायला मिळावी, म्हणून घरचे लोक भटजींना अंथरूण दान करतात. दानाचं विकू नये, हा मार्तंडभटांचा हट्ट. अंबिका असल्याच अंथरुणांवर लहानाची मोठी झाली. दोन स्थळं एवढ्यावरूनच मोडली होती. मेलेल्यांच्या गाद्यांवर आम्ही नाही बसायचो, असं एका मुलाच्या आईनं तोंडावर सुनावलं होतं. पोरीला तेविसावं सरत आलेलं. आईचा जीव नुसता तुटायचा.

राहिली हिरव्या-तांबड्या चौकड्यांची. ती कर्जतच्या मुक्ताबाईंची. गेल्या साली, बहात्तरच्या दुष्काळात, तिकडे नदीला पाण्याचा टिपूस नव्हता, म्हणून तिचे मुलगे बारावं करायला इथवर आले होते. बेलापुरात तिला कोण ओळखतंय? दमयंतीबाईंनी सतरंजी झटकली. नारायण तेलाचा वास आला. म्हातारीचे गुडघे दुखत असणार.

"आजचा दिवस सांभाळून घ्या," त्या पुटपुटल्या. एका कोपऱ्यात निखाऱ्यानं पडलेलं भोक कुणीतरी पिवळ्या दोऱ्यानं रफू केलं होतं. तो कोपरा त्यांनी भिंतीकडे केला.

मंडळी आली. मुलगा यज्ञेश्वर, साखर कारखान्यात कारकून, आणि त्याची आई विजयमालाबाई. स्थळ मध्यस्थानं आणलेलं. पत्रिका जुळली तेवढ्यावर दमयंतीबाईंनी पुढचं काही विचारलंच नव्हतं. नको ते उकरायला, म्हणून. विजयमालाबाईंच्या पिशवीतून नारळ आणि खण डोकावत होता. पहिल्याच भेटीला ओटीचं सामान? दमयंतीबाईंचं काळीज सुपाएवढं झालं. मानाची जागा म्हणून त्यांनी पाहुणीला भिंतीशी बसवलं.

अंबिकेनं पोहे आणले. विचारलं त्याची नीट उत्तरं दिली. यज्ञेश्वर दोनदा हसला. विजयमालाबाईंचा हात मात्र सतरंजीवरून फिरत फिरत कोपऱ्याशी गेला आणि पिवळ्या दोऱ्यावर थांबला. तो हलेचना.

"ही सतरंजी कुठली हो, वहिनी?"

आवाजात राग नव्हता. उलट आर्जवच होतं. मार्तंडभटांनी तोंड उघडलं, पण दमयंतीबाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"नगरची. दिवाळीत घेतली. नवीकोरी आहे."

अंबिकेनं खाली बघितलं. विजयमालाबाईंनी हात उचलून मांडीवर घेतला.

निघताना दमयंतीबाईंनी उंबऱ्यात त्यांना कुंकू लावलं. नारळ पिशवीतच होता. मुलीत काही उणं दिसलं का, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"मुलगी सोन्यासारखी आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. "माझं माहेर कर्जतचं. आई गेल्यापासून रोज स्वप्नात येते, आणि उभीच असते. बस म्हटलं तरी बसत नाही. भाऊ म्हणाले, तिचं अंथरूण नेवाशाच्या मार्तंडभटांकडे दिलंय. म्हटलं, ती जिथं टेकली, त्याच घरची लेक सून करून आणू. तो रफू मी दहा वर्षांची असताना केलाय."

त्यांनी पिशवी काखेला लावली.

"पण तुम्ही म्हणता, ही नगरची. मग माझी आई टेकली कुठं, वहिनी?"