मागचा आवाज

मधुसूदन महाराजांची तीस वर्षं एकच तक्रार होती. कीर्तनात मागं उभे राहणारे टाळकरी इतक्या जोरात गातात, की महाराजांचा आवाज कुणाला नीट ऐकूच येत नाही. आता कीर्तन मोबाइलवर घरोघरी जाणार, म्हणून ते लॅपटॉप घ्यायला औरंगपुऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानात गेले.

"याच्यातला माइक फक्त तुमचाच आवाज घेतो," दुकानातली चारुता म्हणाली. "मागं बँड वाजला तरी गाळून टाकतो. साध्यापेक्षा आठ हजार जास्त पडतील, महाराज."

"पडू द्या, ताई. लोकांनी एकदा तरी मला ऐकावं."

एकादशीचं कीर्तन लॅपटॉप समोर ठेवूनच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी सगळ्यात जुने टाळकरी कडुबा यांना घरी बोलावून ते लावलं.

टाळ नाही, मृदंग नाही, मागचं कुणी नाही. अभंगाचा वरचा सूर आला तिथं महाराजांचा आवाज फाटला, आणि पुढच्या प्रत्येक कडव्याला तिथंच फाटत राहिला. इतकी वर्षं नेमकं तिथंच मागचे जोर धरायचे.

कडुबांनी हळूच लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "मशीनच बिघडली असंल, महाराज. तुम्ही लई गोड गाता."



दुपारी महाराज पुन्हा दुकानात उभे होते. "ताई, मागचे सगळे ऐकू येतील असा दाखवा. अजून आठ हजार गेले तरी चालतील."