सामायिक साठ्यातली मिठी

त्रिंबकरावांनी चंद्रावरून पाठवलेली मिठी नाशिकला, धाकट्या दिरांच्या घरच्या संगणकावरच्या सामायिक साठ्यात सकाळीच येऊन पडली होती. इकडे चंद्रपुरात मंदाकिनीताई अंगाभोवती स्पर्शशाल गुंडाळून संगणकासमोर ताटकळल्या होत्या. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, आणि आज उघडली नाही तर साठा मिठी पुसून टाकणार!

सून ऋजुताने नेटवर्क तपासलं, पत्ता पुन्हा टाकला, वायर काढून लावली. पडद्यावर तीच ओळ:

परवानगी नाही. पाठवणाऱ्याचं नाव नमुन्याप्रमाणे घ्या.

"त्रिंबक," ताई पुटपुटल्या. मग मोठ्यांदा म्हणाल्या. मग रागावून.

परवानगी नाही.

"आई, तुमच्या आवाजाचा नमुना कुठून दिला होता?"

"लग्नाच्या व्हिडिओतून. यांचं नाव मी आणखी कुठे घेतलंय?"

ऋजुता हसतच सुटली. "अहो, मग तसंच घ्या ना! उखाण्यात!"

"इश्श! या वयात?"

"मिठी हवीय की नको?"

ताईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि नव्या नवरीसारखं खाली बघत म्हटलं,

"पितळी डब्यात ठेवले बेसनाचे लाडू,
त्रिंबकराव रुसले तर हसून समजूत काढू."

शाल खांद्यांभोवती हलकेच आवळली. पाठीवर त्यांचे ते नेहमीचे दोन धपकेही बसले.

मिठी सुटली तरी ताईंनी डोळे उघडले नाहीत.

"ऋजुता, तू आत जाऊन चहा टाक गं," त्या म्हणाल्या. "मी पुन्हा एकदा नाव घेते."