बाबा, बाहेर

"पडली," आतून पंचफुलाबाईंचा आवाज आला.

बायकोचा तो शब्द ऐकून ओट्यावर दाराकडे पाठ करून बसलेले नागोराव दचकले. भारताच्याच पोरींची बॅटिंग चालू होती. गेली की काय विकेट? तेवढ्यात आतून पुढची बातमी आली, "उठली. कपडे झटकून राह्यली." म्हणजे पळता पळता कोणी घसरली होती, एवढंच. नागोरावांनी सुस्कारा सोडला. कितीतरी महिन्यांनी त्यांना काहीतरी वाटलं होतं.

मुलींच्या वर्ल्डकपची फायनल होती. वेचणीला आलेला कापूस झाडावर तसाच ठेवून अख्खं मुकुटबन टीव्हीसमोर बसलं होतं. नागोराव मात्र स्वतःच्या हातानं टीव्ही लावून बाहेर येऊन बसले होते. कारण ते पनवती होते. ही पदवी त्यांना त्यांच्या लेकीनं, प्रियंकानं दिली होती. ते पाणी प्यायला आत आले आणि विकेट गेली, असं दोन-तीनदा झालं आणि पोरीनं निकालच देऊन टाकला, "बाबा, बाहेर." तेव्हापासून ती आतून ओरडून स्कोअर सांगायची आणि हे बाहेर बसून ऐकायचे. बिघडलेली मोटार, रानडुकरांनी नासवलेलं वावर, दुखणारी कंबर, तेवढा वेळ सगळं मागे पडायचं. खरं तर मॅचपेक्षा तिचा आवाज ऐकण्यातच त्यांना जास्त मजा यायची. पंचफुलाबाई तेव्हा वावरात नाहीतर चुलीपाशी असत. नवरा हवेला बसतो, एवढंच त्यांना ठाऊक.

यंदाच्या पावसाळ्यात पोरीचा ताप डोक्यात गेला. यवतमाळच्या दवाखान्यात आत एकालाच सोडत. नागोराव उठले की पंचफुलाबाई दारातच म्हणत, झोपली आहे, तुम्ही बाहेरच थांबा. ते थांबत. शेवटी आत गेले तेव्हा नर्स पोरीच्या थंड हातातली सलाइनची सुई काढत होती. आपल्याला का अडवलं, हे त्यांनी बायकोला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तेव्हापासून घरात दोन माणसं जेवत होती, झोपत होती आणि कामाला जात होती. रडू दोघांनाही येत नव्हतं. जेवढ्यास तेवढं बोलत. त्याच्या पलीकडे बोलायचं म्हटलं तर तोच एक प्रश्न आडवा येई.

आज टीव्ही बराच वेळ रिकाम्या खाटेला मॅच दाखवत होता. मग पंचफुलाबाई येऊन खाटेवर बसल्या. बाहेर नवरा कान लावून बसलेला त्यांना दिसला असावा, कारण त्या दिसेल ते सांगू लागल्या. निळीनं मारला. निळ्या दोघी पळाल्या. पुन्हा पळाल्या. नागोराव त्यावरून आपल्या मनानं धावा जुळवत होते. अशी कॉमेंट्री जन्मात कोणी ऐकली नसेल.

जरा वेळानं त्या दारात आल्या.

"आत या नं. मले त्यातलं काही समजत नाही."

"नाही. मी पायलं का विकेट जाते," नागोराव म्हणाले. "प्रियंकानंच बसवलं होतं मले बाहेर. 'बाबा, बाहेर' म्हणे."

पंचफुलाबाईंनी चौकट धरली.

"दवाखान्यातबी थे हेच म्हणे," त्या म्हणाल्या. "बाबाले आत येऊ देऊ नको. मले वाटलं, तुमच्यावर काही राग हाय पोरीचा. तुमाले कसं सांगू?"

नागोरावांनी तसंच, दाराकडे पाठ ठेवून विचारलं,

"अजून काय म्हणे?"

"म्हणे, बाबाले फक्त सांगत राहाय. काय सांगू, थे मले समजलंच नाही."

आत टीव्हीवर मोठा गलका उठला. नागोरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण त्यांनी मान वळवली नाही.

"जाय आत," ते म्हणाले. "काय झालं, थे सांग मले."