काळा पडलेला सरडा

मुलगा दारापर्यंत धावत आला, तिला पाहिलं आणि आल्या पावली ताईच्या मागे लपला.

"अरे, आई आलीय ना तुझी!" ताई म्हणाली.

त्याने ताईची ओढणी घट्ट धरली. "आई तर ही आहे."

ताई ओशाळली. "अगं, आमची कार्टी मला आई म्हणते आणि तुला मावशी, ते ऐकून हाही तसंच. दहादा सांगितलं..."

"असू दे गं." ती हसली. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला निघाली त्या दिवशीचा पिवळा कुर्ता तिने आज मुद्दाम घातला होता. तीन वर्षांचं पोर, पाच महिन्यांत चेहरा विसरलं तरी रंग ओळखेल, असं तिला वाटलं होतं.

मुलगा खिडकीपाशी पळाला आणि उन्हात फतकल मारून बसला. तिथे जाळीच्या खोक्यात, फांदीवर एक सरडा बसला होता. कोळशासारखा काळा. भावोजी प्राणिसंग्रहालयात कामाला. आजारी जनावर घरी आणायची त्यांना खोडच.

ती मुलामागे गेली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "हिरव्या पानांत बसून हा काळा कसा? रंग जुळवायला विसरला वाटतं."

"जुळवायला तो काय ब्लाउजपीस घ्यायला निघालाय?" भावोजी म्हणाले. "चिडला, घाबरला, मादी दिसली, की कातडीतले बारीक स्फटिक जवळ-लांब होतात, मग रंग पालटतो. सकाळी गारठला की काळा पडतो. काळ्या अंगात ऊन लवकर मुरतं. तापला की होईल हिरवा."

"किती वेळ लागतो?"

"ते त्याचं तो बघेल. आपण हात घातला की आणखी काळा."

मुलाच्या डोक्याकडे गेलेला हात तिने मागे घेतला. हातभर अंतर सोडून भिंतीच्या सावलीत फरशीवर बसली.

मुलाचे केस कुणीतरी फार बारीक कापले होते. कानामागे एक ओरखडा होता, खपली धरलेला. कधी पडलास रे, असं ओठांवर आलं. 

सरड्याचा एक डोळा उन्हाकडे होता, दुसरा तिच्याकडे फिरला. मुलाचे दोन्ही डोळे सरड्यावर. बऱ्याच वेळाने काळ्या पाठीवर हिरवट झाक आली.

"झाला!" मुलगा आनंदाने वळला आणि तिच्याकडे बघतच राहिला. तिने ओठ घट्ट मिटले होते, तरी हनुवटी थरथरत होती. इतका वेळ सरड्याकडे पाहत होता, तसाच तो आता तिच्याकडे पाहू लागला.

"मावशी," त्याने हळूच विचारलं, "तुला थंडी वाजते?"

"हो रे."

तो बूड घासत जरा सरकला आणि शेजारची उन्हातली फरशी हाताने थोपटली.