शंभरातली शंभर

इस्पितळाच्या दारातल्या यंत्राने सात वर्षांच्या तानूचा श्वास हुंगला आणि लाल दिवा लावला.

"आजी, ही वाचायची नाही म्हणतंय यंत्र. घरी न्या," सिस्टर म्हणाली.

भागूबाईंनी साठीत शिकलेली अक्षरं जुळवत वरची पाटी वाचली: 'कॅन्सरची शंभरातली शंभर मुलं इथे बरी होतात.' त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अन् दारातनं हाकललेली कुठं मोजता गं?"

"ती आमची नसतात. उंबऱ्याच्या आत आलेलीच मोजतो."

"असं होय!" भागूबाईंनी नातीला खांद्यावर टाकलं, सिस्टरला कोपरानं बाजूला सारलं आणि आतल्या फरशीवर फतकल मारली. "घे, आता ही तुमची. वाचवा, नाहीतर पाटी पुसा!"